पुराची रेघ

मी कावेरीकाठचा काळा दगड बोलतोय. कुंभकोणच्या घाटावर सगळ्यांत वरच्या पायरीशी मला उभं केलं होतं. पोटावर एक आडवी रेघ. महापुराचं पाणी त्या पायरीवर कंबरभर चढलं, तिथे पाथरवटाने ती कोरली.

तमिळ आडी महिन्याच्या, नदी भरते तेव्हाच्या, अठराव्या दिवशी बाया यायच्या. कावेरी त्यांची गर्भारशी. तिला चित्रान्नाचा भात, काळे मणी द्यायच्या आणि जाताना माझ्या रेघेला हळद लावायच्या. "इथवर नको येऊंस गं बाई!"

शेजारचा खोलगट केळीमळा मात्र दर साली बुडायचा. गाळ खाऊन केळी माजायची. तिथे घर बांधावं असं कुणाच्या मनातही येत नसे.

चोपन्न साली बांध आला. मी वाटेत होतो. मजूर फोडायलाच निघाले, तर मुकादम म्हणाला, "हळद लावलेला दगड आहे. पाप नको." मला खाली मळ्यात नेऊन उभं केलं. फोडलं असतं तर बरं होतं.

पूर येईनासा झाला; वीसेक वर्षांत केळी गेली, प्लॉट पडले. पितळी समया विकणारा कल्याणराम पट्टीश्वरमहून बायकोला नि आईला घेऊन आला. आई गोमतीबाई इथलीच माहेरवाशीण, पण महापुराच्याच साली लग्न होऊन गेलेली. माझी रेघ मागाहून कोरलेली, त्यांनी कधी पाहिली नव्हती.

"आत्याबाई, हे पहा!" सून पंकजा वाकून म्हणाली. "महापूर तो एवढाच. आपण जोतं छातीभर घालूं."

"मुली, मी आठ वर्षांची होतें. इथे केळीचे शेंडेसुद्धा दिसत नव्हते."

"आठ वर्षांच्या पोरीला गुडघाभर पाणीही समुद्रच की!"

"अम्मा," कल्याणराम हसला, "दगडाला विसर पडत नाही. तूं काल चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधलास."

गोमतीबाईंनी रेघेवरून बोट फिरवलं. "असेल बाबा. दगड कशाला खोटं बोलेल?"

त्या खऱ्या होत्या; माझी रेघ घाटावरच्या पायरीची, या खोलगट मळ्याची नव्हे. माझ्यामुळे एक म्हातारी स्वतःच्या आठवणीला मुकली.

घर झालं, पंकजाला मूल झालं. दुसऱ्या कार्तिकात भरदुपारी बांध फुटला. अंगणात पाणी शिरताच गोमतीबाई ओरडल्या, "समया राहूं दे रे, लेकराला उचल!" सगळे बांधाच्या शाबूत भागावर पोचले तोवर पाणी माझ्या डोक्यावरून गेलं होतं.

पाणी ओसरलं तेव्हा घराचं जोतं तेवढं उरलं. पंकजा माझ्यापुढे उभी राहिली. "तुझं ऐकलें आणि आत्याबाईंना हसलें," एवढंच बोलली. ती माणसं पट्टीश्वरमला परत गेली. तेव्हापासून मला कुणी हळद लावली नाही.

बांध आता आणखी उंच केलाय. परवा परगावचा एक माणूस टेप घेऊन आला. माझी रेघ मोजून बायकोला म्हणाला, "एवढंच तर पाणी!"

बाबांनो, मला परत घाटावर न्या. तेवढं होत नसेल तर चार जण लागा आणि मला पालथं घाला. रेघ मातीकडे असूं द्या.