कुंकवाचा डाग

मी एक जुना लेसर आहे. मुलुंडच्या एका प्रयोगशाळेत, कोपऱ्यात प्लास्टिकखाली पडलो आहे. मित्रांनो, माझी ही दशा वयाने झालेली नाही.

परदेशाहून आलेल्या मला खोक्यातून काढून उभे केले ते इथल्या संशोधक क्षमाताईंनी. माझा प्रकाश ठिणग्याठिणग्यांनी येई. एक ठिणगी इतकी क्षणिक, की तुमची पापणी लवणे म्हणजे तिच्यापुढे युगच! तिचा एक भाग समोर ठेवलेल्या स्फटिकातल्या अणूंना धक्का देई. दुसरा तांब्याच्या पट्टीवर आदळून क्ष-किरण उठवी आणि ते त्या हलत्या अणूंचे चित्र टिपत. पहिले चित्र उमटले तेव्हा ताई आपल्या सहकाऱ्याला ओरडून म्हणाल्या, "सुबोध, बघ ना! अणू हलताना दिसतायत रे!" मला कोण अभिमान वाटला!

मग खंडेनवमी आली. माझी पूजा मांडली.

"क्षमा, कुंकू बाहेर पत्र्याला लाव गं," सुबोध म्हणाले.

"पत्र्याला कसली पूजा? याचं तेज आरशात आहे ना!" म्हणत ताईंनी माझ्या शेवटच्या आरशाच्या कडेला प्रेमाने कुंकवाचे बोट टेकवले.

सुट्टीनंतर मला चालू करताच कडेवरून आरशावर सांडलेले कुंकू जळाले. काळा डाग पडला, चित्रे धुरकट येऊ लागली. ताईंनी झाकण उघडले, डाग पाहिला, "आई गं!" म्हणाल्या आणि झाकण मुकाट्याने लावून टाकले. एक आरसा बदलला असता तर भागले असते. पण प्रयोगशाळेचे प्रमुख श्यामकांत सर आले, तेव्हा त्या म्हणाल्या, "लेसर म्हातारा झालाय, सर. नवीनच मागवावा लागेल."

नाचता येईना अंगण वाकडे! माझा संताप झाला. जिने कुंकू लावले तिनेच मला दोष द्यावा? पण मुक्याने बोलावे कसे?

नवा लेसर आला. एका दुपारी ताई एकट्याच आल्या, प्लास्टिक उचलले. "सॉरी रे," हळूच म्हणाल्या. मला वाटले, आता खरे सांगतील. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर काढला आणि माझे उरलेले स्वच्छ आरसे नव्या लेसरसाठी एकेक करून सोडवून नेले.

मित्रांनो, यंत्राची पूजा राहिली तरी चालेल, पण आपली चूक त्याच्या माथी मारू नका. आता मी खरोखरच निकामी झालो आहे. ताईंनी आपले खोटे स्वतःच्या हाताने खरे केले.