खाजण कशाला म्हणतात

खाजण म्हणजे खाडीकाठची खारी, दलदलीची जमीन. शब्दकोशात एवढंच सापडतं. शब्द खारावरून आला असं कुणी म्हणतं, कुणी आणखी कशावरून. आमच्या गावात खाजण कुठून आलं ते मला विचारा.

बांध फुटून खांड पडली की घरटी एका माणसानं चिखल टाकायला धावायचं, ही इथली रीत. भागोजीच्या शेताला खांड पडली तेव्हा माझे बाबा, दत्ताराम, कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले होते. पुढे गावबैठकीत ते खुर्चीवर बसले. बौद्धवाडीतला माणूस बरोबरीनं बसला, हे भागोजीला झोंबलं. त्याच पावसाळ्यात आमच्या शेताला खांड पडली. भागोजी बांधाचा पंच. त्यानं गावाला बजावलं, कुणी जायचं नाही. आईबाबा दोघंच चिखल टाकत राहिले. खारं पाणी भरून शेत गेलं, खाडीतली तिवरं उगवली, आणि भागोजी सांगत सुटला, "ते मूळचं खाजणच." बाबा मरेपर्यंत हे ऐकत होते.

आता गावातली तरणी माणसं कंपन्यांत कामाला. खांड बुजवायला पोकलेन लागतं, आणि जवळपास ते फक्त माझ्याकडे आहे.

गेल्या अमावास्येच्या उधाणात भागोजीचा बांध फुटला. पाणी ओसरल्यावर म्हातारा चार माणसं घेऊन माझ्या अंगणात आला. पुढच्या भरतीआधी खांड बुजली नाही तर दोन-तीन वर्षं भाताचं नाव नको, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

"कल्पिताबाय, मशीन दे गो."

"देते की, काका. बसा. ड्रायव्हर जेवतोय." मी चहा टाकला. अगदी निवांत, आलं ठेचून. "आमचं शेत मूळचं खाजण होतं का हो?"

"जुनी गोष्ट ती."

"मला रोजची आहे."

त्यानं पावसाला दोष दिला, मग नशिबाला. मी दुसऱ्यांदा चहा टाकला. त्याची नजर सारखी खाडीकडे जात होती आणि मला ते बघायला आवडत होतं. शेवटी सगळ्यांदेखत तो म्हणाला, "न्हाय गो. भात पिकायचा तिथं. मीच मानसं अडवली. मीच खाजण केलं."

इतकी वर्षं मला हेच ऐकायचं होतं. पण ऐकायला बाबा नव्हते, म्हणून राग आणखीच चढला.

जेवून आडवा झालेल्या ड्रायव्हरला मी उठवलं. आम्ही बांधावर पोचलो तेव्हा भरती लागली होती आणि पाणी खांडीतून शेतात घुसत होतं. पोकलेनला पाय टेकायला जागा उरली नव्हती. भागोजीची सून पदर तोंडाला लावून रडत होती. तिनं माझं कधीच काही वाकडं केलं नव्हतं.

"तू मुद्दाम येळ काढलास," भागोजी म्हणाला.

"व्हय," मी म्हटलं. "हे खाजण मी केलं."