डोळ्यामागचं लोखंड

"अंगात कुठे लोखंड आहे? गोळी, छर्रा, एखादा तुकडा?" एमआरआयच्या खोलीत कुणालाही नेण्याआधी मी हे विचारतेच. लोकांना कटकट वाटते. वाटू दे. आतला चुंबक कधी झोपत नाही, आणि डोळ्यामागे लोखंडाचा कण असला तर तो हलतो नि डोळा घेऊन जातो.

"काही नाही," लिएन म्हणाली. तिचे वडील, मिस्टर थान, व्हीलचेअरवर बसले होते. वय एकोणनव्वद, इंग्रजी जेमतेम. उजव्या भुवईखाली जुना खड्डा.

"आणि हे?"

"लहानपणी सायकलवरून पडले."

वसईत माझे भाऊ सायकलवरून काय कमी पडले? असा खड्डा कुणाला पडला नाही. मी लिएनला बाहेर बसवलं आणि फोनवर व्हिएतनामी दुभाषी बाई घेतली.

म्हातारा आधी दाराकडे बघत राहिला. मग भडाभडा बोलला. दिएन बिएन फूची लढाई, उत्तर व्हिएतनाम. अठरा वर्षांचा असताना, फ्रेंचांना हाकलायला, हा डोंगरावर तोफा ओढत होता. जवळच गोळा फुटला, तुकडा आतच राहिला. फ्रेंच गेले, मग जिंकलेल्या कम्युनिस्टांनी आपल्याच माणसांची धरपकड सुरू केली, तसा हा दक्षिणेत पळाला. तिथे लग्न केलं, आणि बायकोचे दोन्ही भाऊ याच्याच जुन्या साथीदारांनी मारले. बोटीतून सिडनीला आलेलं हे घर त्या लोकांचं नाव निघालं तरी थुंकतं.

"मुलीला कळता कामा नये," तो म्हणाला. "तसंच आत न्या, स्कॅन करा. डोळा गेला तर गेला."

पलीकडे मशीनची ठकठक चालू होती. एका 'नाही'वर विसंबून मी या माणसाला आत नेलं असतं!

"आत नेणार नाही. आधी डोळ्याचा एक्सरे," मी म्हटलं. "मी तिला काही सांगणार नाही, पण स्कॅन का थांबला हे ती विचारणारच."

त्याने माझी बाही घट्ट धरली. फोन ठेवते न ठेवते तोच लिएन आत आली. आमची तोंडं पाहून तिचा चेहराच उतरला.

"लढाईचं बोलले ना?" तिने मला इंग्रजीत, हळूच विचारलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"शाळेत असल्यापासून. आईनेच सांगितलं. ते घाबरतात, म्हणून मी सायकल सांगते. पण तुकडा अजून आत आहे, हे देवाशपथ ठाऊक नव्हतं."

दोघांनाही फटकवावंसं वाटलं मला. बापाला जपता जपता हिने त्याचा डोळाच घालवला असता.

"आत्ता सांगा त्यांना," मी म्हटलं. "माझ्यासमोर."

ती त्यांच्या गुडघ्यांपाशी बसली, दोनच वाक्यं बोलली. म्हाताऱ्याने माझी बाही सोडली. त्याने तिला काहीतरी विचारलं. लिएन रडायला लागली.

"काय म्हणाले?"

"विचारतायत, मग एवढी वर्षं मी कुणाला भीत होतो?"