ओरडून वाचायचं पत्र

दुष्काळाच्या साली वसरामचं पत्र हैदराबादहून आलं. त्याला मी उत्तर दिलं नाही. मजकूर साधा होता: खोली तीच आहे, तुझी खाट रिकामी आहे, ये. पण अक्षर परक्याचं. वसरामला लिहिता-वाचता येत नाही. त्याच्या तांड्यावर जाणारी पत्रं पूर्वी मीच लिहायचो.

त्या बदल्यात तो माझ्या वतीने बोलायचा. शिरड शहापूरहून आम्ही दोघे विशीत तिकडे गेलो. तो भुसार बाजारात हमाल, मी छापखान्यात मुद्रितं तपासायला. चार लोकांत माझं तोंड उघडत नसे. खानावळीत वसराम सांगायचा, "मियाँ, इसको बी एक रोटी देओ. भूक से मर जाएंगा, पन मांगेंगा नै." सगळे हसायचे, मीही. एवढ्या मोठ्या शहरात मला कधी परकं वाटलं नाही. वडिलांच्या आजारपणात गावी आलो, इथेच राहिलो, आणि परका झालो.

उत्तर लिहायला बसलो की तिकडे ते वसरामला वाचून दाखवणारा अनोळखी माणूस डोळ्यांपुढे यायचा. एका रजईत काढलेला हिवाळा, उपाशी असताना केलेल्या थट्टा, हे सगळं त्याच्या तोंडून जाणार. कागद तसाच राहायचा.

परवा वसरामचा पुतण्या रतनसिंग तिकडून आला. दारातूनच म्हणाला, "सोनाजीकाका, तुमी जित्ते हाव व्हय? आमचा काका तर तुमच्या नावानं रडून राहिला."

"आणि खाट?"

"हाय की. कोनाचं गाठोडंबी ठिवू देत न्हाई तिच्यावर."

"तब्येत?"

"अंथरुणावर हाय. कान बी गेले. समदं वरडून सांगा लागतं. गल्लीला ऐकू जातं, त्याला न्हाई." तो हसला, मग माझ्याकडे वळला. "काहून लिवलं न्हाई, काका?"

मी त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. आता जाऊन तरी काय करणार? त्याला ऐकू येत नाही, मला बोलता येत नाही. दोन खाटांवर दोघे नुसते बसून राहू.

रतनसिंग गेल्यावर लिहिलं:

"वाचणारे भाऊ, हे ओरडून वाचा. तो मधेच बोलेल, थांबू नका. वसराम, मी जिवंत आहे. येणार नाही. तिथून आल्यावर माझं मन इथे लागलंच नाही. लागेल, लागेल म्हणत म्हातारा झालो. आता वाट पाहू नकोस. माझी खाट शहरात नव्याने आलेल्या कुणाला दे. कमी बोलणारा असेल तर त्याच्यासाठी रोटी मागत जा."

औंढ्याच्या पोस्टात खिडकीशी उभा राहिलो. मागचे दोघे पुढे सरकले. शेवटी पाकीट मागितलं.

"काय? मोठ्यानं बोला, आजोबा."

मी मोठ्याने बोललो. सगळ्यांनी वळून पाहिलं. पाकिटावर पत्ता लिहिला, कड चिकटवली आणि बाहेरच्या पेटीत टाकलं.