जित्या मासोळीची गरी

पुनम पहिल्यांदा माहेरी परत आली तेव्हा तिच्या पाठीवर चटके होते. दुसऱ्यांदा आली तेव्हा समोरचे दोन दात नव्हते. दोन्ही वेळा तिच्या बापाने, मुखरूने, तिला नावाडी लच्छूच्या डोंग्यात बसवून, वैनगंगा ओलांडून, नवऱ्याच्या दारात नेऊन सोडले होते. पहिल्या वेळी मुखरूची बायको जिवंत होती. 'दोन रोज तरी राहू द्या पोरीले,' एवढेच ती म्हणाली होती. दुसऱ्या वेळी तेही म्हणायला कोणी उरले नव्हते. समाजाची चार माणसे बसली, जावयाने, धनराजने, सगळ्यांच्या पायांना हात लावला, चहा झाला, आणि मिटले असे मुखरूने धरून घेतले.

तिसऱ्यांदा ती ऐन थंडीत आली. भर दुपारी पलीकडच्या रेतीतून एकटीच चालत आली आणि काठावर उभी राहिली. हाक मारली नाही. लच्छूने लांबूनच ओळखले आणि डोंगा घातला. अलीकडे उतरली तेव्हा मुखरूने पाहिले, डावा हात ओढणीने गळ्यात बांधलेला, आणि कोपराच्या वर दंड नको तिथे वाकलेला.

"कशानं मारलं?" त्याने विचारले.

"सब्बलनं." लोखंडी पहार. ती पुढे म्हणाली, "या बारीनं मी जात नाई, बा. तू नेऊन सोडसीन तं मधातच उडी घेईन."

त्याच दिवशी तिला दवाखान्यात नेऊन मुखरूने हाताला प्लास्टर घालून आणले. ठेवतो असेही म्हणाला नाही आणि जा असेही नाही. तो मुळात कमी बोलणारा माणूस, आणि जे दोनदा बोलला होता त्याची त्याला आता लाज वाटत होती.

मुखरू ढिवर होता. गावातले बाकीचे ढिवर जाळी घेऊन धारेत जात, तो मात्र वीस वर्षे घाटावरूनच गरी, दोऱ्याला बांधलेला गळ, टाकत आला होता. डोंगे लागतात तिथे एक काळा खडक पाण्यात शिरला होता आणि त्याच्याखाली डोह होता. डोंग्यातून उतरणारी माणसे शिळ्या भाकरीचे तुकडे, फुटाणे पाण्यात टाकत. ते खायला बोटाएवढ्या मासोळ्या गोळा होत, आणि त्या मासोळ्यांवर डोळा ठेवून खाली शिवडा बसलेला असे. रुंद तोंडाचा, लांब मिशांचा, अंगावर एक खवला नसलेला मासा. मेलेले तो हुंगत नाही. त्याला हलणारे लागते.

चार-सहा दिवसांनी पुनम आपणहून घाटावर येऊ लागली. पहाटे मुखरू घोट्याएवढ्या पाण्यात फेकजाळे मारी आणि आलेल्या मासोळ्यांतून ती निवडून घेई. खवले गेलेली नको, पोटाला दाब बसलेली नको. चांगल्या तेवढ्या ॲल्युमिनियमच्या गुंडात, पाणी भरायच्या मोठ्या भांड्यात, टाकायच्या, वरून ओले पोते घालायचे, आणि पाणी सारखे बदलत राहायचे. एका हाताने ती गुंड भरी, एका हाताने रिकामा करी.

"गरी पाठीवरच्या पराखाली घाल," मुखरूने मासोळीच्या पाठीवरच्या पंखाला बोट लावून तिला दाखवले. "वरवर. मधातल्या काट्याले लागली का गेली. अशी घातली तं दोन घंटे पोहते."

पुनमने मासोळी गुडघ्यांत धरली आणि उजव्या हाताने गरी घातली. मासोळी थरथरली, पण पाण्यात सोडताच सरळ पोहायला लागली. दोऱ्याला बांधलेला थर्माकोलचा तुकडा तिच्यामागून हलत गेला. पुनम बराच वेळ तिकडे पाहत राहिली.

असे महिनाभर चालले. मग एका सकाळी, ऊन नुकतेच घाटावर आलेले असताना, थर्माकोल एकदम नाहीसा झाला.

मुखरूने दोन हात दोरा जाऊ दिला आणि हिसका मारला. पलीकडून जो ओढा आला त्याने तो खडकावर गुडघ्यांवर पडला. दोरा तळव्यातून सुसाट गेला, कातडे सोलून गेला. त्याने तो कमरेभोवती घेतला आणि मागे रेलला. शिवडा वर आला, पाण्यावर आडवा झाला, शेपटीने पाणी उडवून पुन्हा खाली गेला. असे चार वेळा झाले. पाचव्या वेळी मुखरूने त्याला उथळात आणले. पुनमने प्लास्टरच्या हातानेच कल्ल्याखाली रेटा दिला आणि दोघांनी मिळून माशाला खडकावर ओढले. तिच्याएवढ्याच लांबीचा असेल. तोंड उघडून तो खडकावर आपटत होता आणि त्याच्या दातांनी मुखरूची पोटरी फाडली होती. मुखरूने खैराचे दांडके घेतले आणि डोळ्यांच्या मागे, डोक्याच्या मधोमध घातले. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. शेपटी थांबली. दांडके खाली ठेवून तो धापा टाकत बसला.

तेवढ्यात लच्छूचा डोंगा घाटाला लागला. धनराज उतरला.

तो पिऊन आलेला नव्हता. हे पाहूनच पुनमचा चेहरा पांढरा पडला. पिऊन असला की तो लवकर थकत असे.

"मामाजी, रामराम," तो म्हणाला. इस्त्रीचा शर्ट घातला होता. "मोठा मासा भेटला आज. मी पुनमले न्याले आलो."

"जवाई, बसा," मुखरू म्हणाला. "हात जुळू द्या तिचा. मग बोलू."

"किती दिवस जुळते हात? महिना झाला. लोक मले विचारून राह्यले."

"मी येत नाई," पुनम म्हणाली.

धनराजने तिच्याकडे पाहिलेही नाही. त्याने पायाने गुंड उलटवला. मासोळ्या खडकावर पसरल्या, उड्या मारू लागल्या. मग दोन पावले पुढे येऊन त्याने तिचा प्लास्टरचा हात धरला आणि पिरगाळला. पुनमच्या तोंडून जो आवाज निघाला तो मुखरूने जन्मात ऐकला नव्हता. तो उठला आणि, हे त्याला पुढे कायम आठवत राहिले, त्याने हात जोडले.

"सोडा, जवाई. पाया पडतो."

धनराजने डोंग्यातले वल्हे उचलून त्याच्या कपाळावर मारले. लच्छू मधे पडला, त्यालाही एक बसला आणि तो रेतीत बसून राहिला. कपाळावरचे रक्त मुखरूच्या डोळ्यांत ओघळले. धनराज पुनमला केसांना धरून डोंग्याकडे ओढत होता, तिच्या टाचा खडकावर घासत होत्या, तेवढे त्याला अंधुक दिसले.

मग पुनमचा उजवा हात खैराच्या दांडक्यावर पडला.

पहिला फटका धनराजच्या गुडघ्यावर बसला. तो वाकला. दुसरा कानशिलावर, डोळ्याच्या कडेला बसला आणि तो कमरेभर पाण्यात कोसळला. उठायला गेला तर मुखरूचा दोरा पायात गुंतला. त्या दोऱ्यावरची दुसरी, सुटी गरी त्याच्या गालात घुसली, आणि तो जितका झटके देत गेला तितकी ती आत गेली. पुनम त्याच्या पाठीवर गुडघा देऊन बसली, मानेवर प्लास्टरचा हात दाबला, आणि त्याचे तोंड पाण्याखाली धरले.

पाणी लाल झाले. धनराजचे हात मागे येऊन तिला ओरबाडत होते. तिचा चेहरा अगदी शांत होता.

मुखरू खडकावर उभा होता. चार पावलांवर. होऊ दे, असे त्याला वाटले. खरेच वाटले. धनराजचे हात हळू होत चाललेले त्याने पाहिले आणि तरी तो हलला नाही. मग त्याचे लक्ष लच्छूकडे गेले. लच्छू हे सगळे बघत होता. पाण्यावर मागून आणखी एक डोंगा येत होता आणि त्यात माणसे होती. ही पोरगी आता खुनी होईल आणि जन्मभर आत जाईल, हे त्याला तेव्हा सुचले.

त्याने पाण्यात उडी घेतली आणि तिला कमरेला धरून मागे ओढले.

"तिसऱ्या बारीही तू त्याच्याच बाजूनं," ती ओरडली, आणि तिने त्याच्या मनगटाचा चावा घेतला.

"त्याच्यासाठी नाई व," मुखरू म्हणाला. "तुह्यासाठी. तू जेलात जासीन."

तिने रुतवलेले दात सोडले नाहीत. मग हळूहळू सोडले.

मुखरूने आणि लच्छूने धनराजला खडकावर उपडा टाकला, पाठ दाबून पाणी काढले. तो ओकला, खोकला, श्वास घ्यायला लागला. एक डोळा सुजून बंद झाला होता आणि गालात गरी तशीच होती. भान आल्याबरोबर त्याने पुनमला शोधले आणि फाटक्या आवाजात म्हणाला, "घरी चाल तू. मंग पाह्यतो तुले."

मुखरूने ते ऐकले. तो उठला, धनराजचा उजवा हात त्याने खडकावर सरळ करून ठेवला, मनगटावर पाय दिला, आणि दांडके उचलले. लच्छू म्हणाला, "मुखरूभाऊ, नको." मुखरूने बोटांवर मारले. मग मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज मागच्या डोंग्यातल्या लोकांनीही ऐकला. धनराजने किंकाळी फोडली. मुखरूने दांडके नदीत फेकून दिले आणि तिथेच, मेलेल्या शिवड्याशेजारी, बसला.

पोलीस आले तेव्हा तो म्हणाला, डोक्यात मारलं तेही मीच, पाण्यात दाबलं तेही मीच. पुनम पुढे झाली.

"खोटं बोलून राह्यला तो," ती हवालदाराला म्हणाली. "डोक्यात मी मारलं. पाण्यात मी दाबलं. हात त्यानं मोडला. जे ज्याचं ते त्याच्या नावानं लिवा."

आणि लच्छूने, मुखरूलाही आश्चर्य वाटावे इतक्या स्पष्टपणे, जसे झाले तसेच सांगितले. सब्बलचेही सांगितले, दातांचेही. आपणच दोनदा तिला वल्हवत पलीकडे नेले, हेही.

पुनमला दहा दिवसांत जामीन झाला. मुखरूला चंद्रपूरच्या तुरुंगात साडेतीन महिने काढावे लागले. धनराज वाचला. एका डोळ्याने त्याला कमी दिसते आणि उजव्या हाताची मूठ वळत नाही. खटले दोन्ही बाजूंनी अजून चालू आहेत. पण नदी ओलांडून तो पुन्हा आला नाही.

मुखरू आत असताना पुनम दर पंधरा दिवसांनी भेटायला येई. तिसऱ्या भेटीत तिने सांगितले की प्लास्टर निघाले, हात थोडा वाकडा राहिला, पण दोरा धरता येतो.

"मासोळ्या भेटून राह्यल्या का?" मुखरूने विचारले.

"पाणी उतरलं. आता खडकापाशी नाई, पल्याड गोट्यात भेटते." भेटीच्या खोलीतल्या लोखंडी जाळीच्या पलीकडे ती पुढे सरकून बसली. "मी पाठीत नाई घालत गरी. वरच्या ओठात घालतो. धारेत जास्त टिकते."

"ओठात घातली तं निसटते."

"नाई निसटत. काल दोन शिवडे धरले."

मुखरूला हे पटले नाही, पण तो वाद घालत बसला नाही. वेळ संपत आली होती. शिपाई दारात येऊन उभा राहिला. मुखरूने खाली पाहिले. मनगटावर तिच्या दातांची खूण होती. दोन दात नव्हते म्हणून मधे फट राहिलेली.

"तुले पयल्याच बारी ठेवून घ्याले पायजे होतं," तो म्हणाला.

पिशवीतून पुनमने त्याच्यासाठी आणलेला चण्याचा पुडा काढला आणि शिपायाकडे दिला.

"हो," ती म्हणाली. "पायजे होतं."

मग ती उठली, आणि गावाकडे नेणारी गडचिरोलीची गाडी चुकू नये म्हणून भराभर चालत निघून गेली.