तीन नंबरचा टॅपेट

आमच्या गल्लीत ड्रेनेजसाठी रस्ता खोदला नसता, तर मी मरेपर्यंत नवनाथला देवमाणूस म्हणत राहिलो असतो.

दर रविवारी तो आमच्या दारात गाडी घेऊन यायचा. माझी बायको केसरबाई गुडघ्यांमुळे बसमध्ये चढू शकत नाही, आणि तिची थोरली बहीण चतुराबाई रहाटणीत अंथरुणाला खिळलेली. रविवारी जाऊन तिला न्हाऊ घालायचं, वेणी घालायची, हा केसरबाईचा नेम. आधी आम्ही आमच्याच गाडीनं जायचो. उन्हाळ्यात ती भंगारात गेली, तेव्हा नवनाथ म्हणाला, "मी हाय ना! वहिनींची हाडं काय रिक्षात खिळखिळी करायची व्हय?" डोळ्यांत पाणी आलं होतं माझ्या.

नवनाथ आमच्या कुरुळी गावचाच. आम्ही दोघं एकाच कंपनीत इंजिन असेंब्लीला होतो. निवृत्तीनंतर त्यानं गावात गॅरेज टाकलं. गाड्याही आम्ही एकाच मॉडेलच्या घेतलेल्या, जुन्या, कार्बोरेटरवाल्या. मॉडेल बंद पडून जमाना झाला, पार्ट मिळत नाहीत, पोरं हसतात, तरी आमचं आपलं कौतुक चालूच.

माझ्या इंजिनाला एक खोड होती. तीन नंबरच्या सिलिंडरचा व्हॉल्व एकदा जळला होता आणि त्याची बैठक झिजली होती. म्हणून त्याला उघडणारा टॅपेट मी मुद्दाम जरा सैल ठेवायचो. थंड इंजिन सुरू केलं की टिकटिक व्हायची, गरम झालं की बंद. नवनाथला बजावून ठेवलं होतं, "हा टाईट करू नकोस राव, व्हॉल्व परत जळेल."

गेल्या दिवाळीत त्याच्या गाडीनं पाणी प्यायला सुरुवात केली. रेडिएटर भरून निघावं, तर आळंदी फाट्यापर्यंत रिकामा, आणि मागून पांढरा धूर. तापून तापून हेड वाकलं होतं. हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, सगळे व्हॉल्व त्यातच असतात. घासून सरळ करून आणलं, असं तो सांगायचा. पुढे थंडीत मी माझी गाडी त्याच्याकडे हेड उघडून कार्बन काढायला सोडली. परत आली तेव्हा टिकटिक गायब. "बैठकच नवी बसवली, कटकट मिटवली," म्हणाला. मी खूष झालो. खूष! घरी बोलावून जेवू घातलं त्याला.

महिन्याभरात माझी गाडी पाणी प्यायला लागली. ते पाणी ऑइलात मिसळून झाकणाखाली दुधाळ साय धरू लागली. नवनाथनं ऑइलची दांडी काढून माझ्या नाकासमोर धरली, "ब्लॉकच फुटलाय भावा. आता जीव लावू नगंस तिला." ब्लॉक म्हणजे इंजिनाचं धडच, तो गेला की गाडी भंगारात. मी स्वतः काही उघडून बघितलं नाही. जन्म इंजिनं जोडण्यात गेला माझा, पण नवनाथ सांगतोय म्हटल्यावर बघायचं कशाला?

तर परवाच्या रविवारी रस्ता खोदलेला. केसरबाईला दंडाला धरून हळूहळू मी पलीकडच्या गल्लीत नवनाथच्या अंगणात घेऊन गेलो. आम्हाला बघून तो दचकला. "फोन करायचा की, कोपऱ्यावर आणली असती." केसरबाई मागे बसली, मी पुढे. त्यानं किल्ली फिरवली.

टिकटिक, टिकटिक.

आधी वाटलं, कान वाजतायत. मग खाली उतरलो, बॉनेट उघडलं, त्याच्याच डिकीतला लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि टोक हेडवर ठेवून मूठ कानाला लावली. एक शांत. दोन शांत. तीनवर माझी टिकटिक. दर रविवारी गाडी तापवूनच तो आमच्या दारात का आणायचा, आणि परतताना आम्ही बाहेर यायच्या आधीच ती सुरू करून का ठेवायचा, ते तेव्हा कळलं. मी त्याला गाडी बंद करायला लावली.

"नवनाथ, हे हेड माझं आहे. तुझं वाकलेलं माझ्या गाडीत घातलंस."

त्यानं आधी मागच्या सीटकडे बघितलं. मग खाली उतरून हळूच म्हणाला, "तुजी गाडी रविवारची, भिवा. माजी रोजची. ह्या मॉडेलचं हेड मिळतंय कुठं आता?"

"मागायचं होतंस."

"दिलं असतंस?"

"दिलं असतं रे!" माझा आवाज फाटला. खरंच दिलं असतं. हेच तर जळत होतं आतून.

"आन् मग मी काय वाऱ्यावर सोडलं का तुमाला? दर रविवारी नेतोय न्हवं वहिनींना?"

माझ्याच इंजिनावर मला फिरवत होता आणि मी त्याचे उपकार मानत होतो. भलतंच तोंडातून गेलं, "टॅपेट तेवढा का नाही टाईट केलास?"

"तूच म्हणाला व्हतास, जळंल म्हणून."

म्हणजे माझी गाडी त्यानं मारली, पण माझ्या शब्दावर त्याचा भरवसा होता. त्याच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला. हात उचललाच गेला नाही.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. केसरबाई दोन्ही हातांनी दार धरून, एकेक पाय टेकवत खाली उतरली. तिनं सगळं ऐकलं होतं. आता ती त्याची बिनपाण्यानं करणार, असं मला वाटलं; त्यालाही वाटलं असावं, मान खाली घालून उभा होता. पण तिनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पिशवीतून फोन काढला आणि बहिणीला लावला.

"आक्का, आज नाही येत गं. उद्या रिक्षानं येते, कसं का होईना... नाही नाही, बरी आहे मी. गाडीवाला आला नाही."

नवनाथ किल्ली हातात घेऊन तिच्या शेजारीच उभा होता. मी बॉनेट लावलं आणि केसरबाईचा दंड धरला.