शेवटचा ठोका

माझी बायको तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवत होती. मी शिंपी, माझं इंग्रजी मापाच्या टेपपुरतं. पक्षाघातानं तिची वाचा गेली, तेव्हा स्पीच थेरपिस्टबाईंना एक गोष्ट सापडली. साधं 'पाणी' म्हणताना ती अडायची, पण वर्गात हजारदा फोडून शिकवलेले लांबलचक इंग्रजी शब्द टेबलावर ठोके दिले की तुकड्यातुकड्यानं बाहेर यायचे.

"काका, घरी रोज दहा शब्द," बाई म्हणाल्या. "एका तुकड्याला एक ठोका. ठोका तुमचा, शब्द त्यांचा. काही झालं तरी तुम्ही बोलायचं नाही."

शब्दांची शिवण मला लवकर कळली. पुढं 'अन', मागं 'ली', मधे खरा शब्द. सदरा उसवताना आधी बाह्या निघतात, तसंच. अन-फॉर-च्यु-नेट-ली. पाच ठोके.

पण मी पडलो उतावळा नवरा. शेवटच्या ठोक्याला तिचे ओठ नुसतेच थरथरायचे, चेहरा लाल व्हायचा, आणि मला ते बघवायचं नाही. मीच म्हणून टाकायचो, "ली!" ती हसायची. चार महिने मी वहीत दहाच्या दहा बरोबर मांडले.

मग तपासणी आली. दहापैकी सहा शब्द पूर्ण आले तर उपचार पुढं चालू, नाहीतर जागा दुसऱ्या पेशंटला. मला कोपऱ्यात बसवलं. बाई ठोके देऊ लागल्या.

"अन... फॉर... च्यु... नेट..."

ती थांबली आणि माझ्याकडं बघू लागली. मी जीभ दाताखाली धरली. दहाही शब्दांना हेच झालं. शेवटी शेवटी तर ती रागावूनच बघत होती, की अहो, असे काय बसलात!

बाईंनी पेन ठेवलं. "घरी शेवटचा तुकडा कोण म्हणायचं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तोंड उघडणार, तोच तिनं डावा हात टेबलावर आपटला.

"मी," ती म्हणाली. "मीच... चुकले."

बाई बघतच राहिल्या. पण तक्त्यात त्या दहा शब्दांचेच रकाने होते, आणि वरच्या ऑफिसला तक्ताच कळतो. सोमवारपासून आमची वेळ दुसऱ्या कुणाला गेली.

चार महिन्यांत ती पहिल्यांदा आपणहून बोलली, तेही माझ्या चुकीवर पांघरूण घालायला.